मिशीवाला र

आमच्या अब्बांनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांना काहीही झालं नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पेठेनं तोवर त्यांना साखरेपासून क्षयापर्यंत सगळे रोग लावून झाले होते. ताप नव्हता, खोकला नव्हता. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बाहेर काढायला लावली आणि ‘हवापालट करा’ म्हणून सांगितलं. हवापालट म्हणून अम्मीनं त्यांची कॉट खिडकीकडून दाराकडं सरकवली. झालं होतं ते एवढंच, की ज्या छापखान्यात अब्बांनी उभा जन्म खिळे जुळवण्यात घालवला तो छापखाना बंद पडला. मालक गेले, मालकांच्या मुलानं शिसं भंगारात घातलं आणि त्या जागेत मोबाईलचं दुकान काढलं. मुलगा वाईट नव्हता. त्यानं अब्बांना शाल दिली, नारळ दिला, आणि एक मोबाईलसुद्धा दिला, ज्याचं आमच्या घरात कुणालाच काही कळत नव्हतं. अब्बा घरी आले, नारळ अम्मीच्या हातात दिला आणि कॉटवर आडवे झाले ते झालेच.

खिळे म्हणजे शिशाची अक्षरं, हे आता सांगावं लागतं. एकेक अक्षर कप्प्यातनं उचलायचं, हातातल्या पट्टीवर उलटं लावायचं, शब्द करायचा, ओळ करायची. अब्बांना उलटं वाचायची इतकी सवय, की ते वर्तमानपत्र समोरच्या माणसाच्या हातात असतानाच वाचून टाकायचे आणि त्याच्या आधी मतसुद्धा देऊन मोकळे व्हायचे. हमीदभाई कंपोझिटर म्हणजे पेठेतलं शुद्धलेखनाचं शेवटचं कोर्ट. लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन भटजी यायचे, आणि हा गोल टोपीवाला माणूस त्यांना म्हणायचा, “गुरुजी, शुभाशीर्वादाचा शी दीर्घ. आशीर्वाद र्‍हस्व दिला तर पोरं बी तसलीच हुतील.” भटजी निमूट दुरुस्ती करून द्यायचे. पत्रिकेवरचा गणपती, लग्नाचा मुहूर्त, बाराव्याचा कागद, उरुसाची जाहिरात, सगळं अब्बांच्या बोटांखालून जायचं आणि कुठं काना हललेला दिसायचा नाही.

असा माणूस घरात पडून राहिल्यावर घराचा आवाजच बदलला. आधी अब्बा घरात असले की घर ओरडत असायचं. ते रेडिओतल्या बातम्या देणाऱ्याचे उच्चार दुरुस्त करायचे, माझ्या वहीवर लाल पेन चालवायचे, अम्मीनं डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतलं ‘जीरे’ खोडून ‘जिरे’ करायचे. आता ऐकू यायचं ते फक्त स्टोव्हचं फुरफुरणं. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे त्यांनी ताटात चटणी मागायची बंद केली. कोल्हापुरात माणूस चटणी मागायचा बंद झाला की शेजारीपाजारी हळू आवाजात बोलायला लागतात. अम्मी नेसरीची. तिच्या बापाचं असंच झालं होतं. गूळ खरेदी-विक्रीतली दिवाणजीची नोकरी सुटली, माणूस खाटेवर पडला आणि वर्षाच्या आत गेला. रोग नाही, राई नाही. ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. एकदा भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, “रुक्साना, ह्येनी काय करालेत ठाव हाय का तुला? ह्येनी जायालेत.” बाईनं हे अगदी दूध नासालंय म्हटल्यासारखं सांगितलं आणि भाकरी तव्यावर टाकली. अब्बांना कॉटवरून उठवायचं, एवढं एकच काम त्या वर्षी माझ्यापुढं होतं. कॉलेज वगैरे नावाला.

कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकत होते. शिकत होते म्हणजे, तीस जणींत सहा मशीन, त्यातली दोन चालू, आणि त्यातल्या एकावर सरांचा मुलगा पत्ते खेळायचा. खरं जे शिकले ते सुजातामुळं. सुजाता हुपरीची. तिच्या घरी पैंजण करायचं काम चालायचं, त्यामुळं तिच्या बोटांवर बारीक बारीक भाजल्याच्या खुणा आणि तोंडात कुणालाही न भिणारी भाषा. हुपरीहून रोज एसटीनं यायची आणि एसटीतली अर्धी भांडणं वर्गात आणून संपवायची. तिच्या मामाच्या ऑफिसातनं टाकून दिलेला एक कॉम्प्युटर तिनं माझ्या गळ्यात मारला. दोघींनी तो बसच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन कोल्हापुरात आणला. कंडक्टर म्हणाला, “पावणं, ह्या टीव्हीचं तिकीट?” सुजाता म्हणाली, “बारा वर्षांच्या आतला हाय, अर्धं फाड.”

त्या मशीनवर सुजातानं लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली. फुकट असते, उघडी असते, जगभरची माणसं मिळून ती करतात आणि मिळून भांडतात. तिचे इतके पंथ आहेत की आमच्याकडच्या तालमी कमी पडाव्यात. आम्ही कुठल्या पंथातल्या ते मी इथं लिहीत नाही, अजूनही त्यावरनं चांगली शिकलेली माणसं अंगावर येतात. आमच्या पंथाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघायची आणि कागद भरून पाठवला की सीडी परदेशातून घरपोच, फुकट. सुजाता त्या सीडीची अशी वाट बघायची, की तिच्या आईला वाटलं पोरीचं कुठंतरी जमलंय. आज माझी मुलगी फोन नवा झाला तरी वर बघत नाही. आम्ही मात्र ‘या खेपेला काय काय येणार’ याच्या याद्या वहीत लिहायचो. त्या यादीत एकदा आलं, की लिनक्सवर आता मराठी लिहिता येतं. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. अक्षरं जुळवायचं काम कॉम्प्युटरवर अब्बांसमोर करून दाखवायचं, की हा माणूस उठून बसलाच पाहिजे.

संधी चालून आली. पेठेतल्या तालमीचे सेक्रेटरी सवयीनं आमच्याकडं हँडबिल करायला आले. छापखाना बंद झाल्याचं त्यांना माहीत होतं, पण चप्पल आमच्याच दारात सुटली. पेठेतले सगळ्यांत जुने आचारी बळवंततात्या यांचा सत्कार होता. लग्न असो, बारसं असो, तालमीची जत्रा असो, तात्यांच्या हातचं मटण खाल्लं नाही असं माणूस पेठेत नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, “हमीदभाई, चार ओळी लावून द्या.” अब्बांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी म्हटलं, “काका, मी देते करून.” सेक्रेटरींनी माझ्याकडं, मग कोपऱ्यातल्या मशीनकडं बघितलं आणि मनातल्या मनात तात्यांची माफी मागितली असावी, पण मजकूर दिला.

इथं थोडं अक्षरांचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. र ला य जोडला की मराठीत दोन प्रकार होतात. ‘आचार्य’ लिहिताना र उडी मारून य च्या डोक्यावर बसतो, त्याला रफार म्हणतात. पण ‘आचाऱ्यांना’ लिहिताना तो डोक्यावर चढत नाही, य च्या आधी बारीक वळणदार रेघ होऊन चिकटतो. अब्बा त्या रेघेला मिशी म्हणायचे, आणि त्यांच्या खिळ्यांच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, मिशीला स्वतंत्र कप्पा होता. हिंदीला तिच्यावाचून काही अडत नाही, मराठीचं पदोपदी अडतं. आमच्या लिनक्सला ती ठाऊकच नव्हती. र आणि य दिसले की उचलला र आणि ठेवला डोक्यावर. मला ते दिसलं होतं, हे मी इथं कबूल करते. कंपोझिटरची पोर मी, मला न दिसून कसं चालेल? दहा वेळा पुसून दहा वेळा लिहिलं, येईना. शेवटी म्हटलं, जाऊ दे, कोण बघतंय. आणि झेरॉक्सवाल्याकडनं गठ्ठा काढून वाटून टाकला. ‘अखंड सेवा करणार्या ज्येष्ठ आचार्यांचा भव्य सत्कार. नंतर स्नेहभोजन. सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.’ तात्यांचं नाव घालायचं राहिलं, कारण पेठेत आचारी म्हटल्यावर नाव घालायची गरज कुणाला वाटली नाही.

पेठेच्या बाहेरच्यांना मात्र पेठ कशी कळणार? कार्यक्रमाला पहिल्या रांगेत चार रिटायर्ड मास्तर आणि एक संस्कृतचे वयोवृद्ध शास्त्री येऊन बसले. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात पुष्पगुच्छ. शास्त्रीबुवांनी तर गुरूची थोरवी या विषयावर भाषण कागदावर काढून आणलं होतं. सत्कारमूर्ती मागं चुलवणावर होते, कारण स्वतःच्या सत्काराचं मटण दुसऱ्या कुणी केलं तर ते ताटाला हात लावणार नव्हते. नाव पुकारल्यावर तात्या तसेच आले, बंडी आणि हाफ चड्डीवर, हातात मोठा झारा. शास्त्रीबुवांना डोळ्यांनी कमी दिसायचं. ते उठले, पुढं झाले आणि तात्यांच्या पायाला हात लावला. तात्या दोन पावलं मागं सरकले आणि माईकमधनं सगळ्या पेठेला ऐकू गेलं, “अवो गुरुजी, पाया काय पडतायसा, ताट घ्या की!” मास्तरांनी पुढची दहा मिनिटं त्यांना सगळं समजावून दिलं. शास्त्रीबुवा दिलदार माणूस. दहीभात खाल्ला, भाषण तरीही केलं, आणि शेवटी म्हणाले, अन्न शिजवणारा गुरूच असतो. टाळ्या पडल्या. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि जमीन फाटत का नाही याचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या रश्शाचा डबा आणि ते हँडबिल घेऊन आमच्याकडं आले. हसून हसून त्यांचे डोळे ओले झाले होते. “हमीदभाई, तुमच्या पोरीनं मला आचार्य केलं बगा. सकाळपासनं पेठ मला गुरुदेव म्हंतीया.” अब्बा भिंतीकडं तोंड करून पडले होते. ते वळले. हात पुढं केला. कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि मग उठून बसले. कुणी न सांगता, कुणी हात न देता. अम्मी चहाचं भांडं घेऊन दारात उभी होती, ती तिथंच थांबली.

“ह्येची मिशी कुठाय?” अब्बांनी विचारलं.

“अब्बा, मशीनला येत नाही ती.”

“येत न्हाय म्हंजे? मशीनला शिकिवलंय कुणी?”

“परदेशातली माणसं आहेत.”

“आन् तुला दिसली न्हाय?”

खोटं बोलायची सोय नव्हती. “दिसली,” मी म्हटलं. “कोण बघतंय असं वाटलं.”

अब्बा कधी हात उगारायचे नाहीत. तेव्हाही उगारला नाही. त्यांनी फक्त तो कागद माझ्यासमोर धरला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ओरडले. “माझ्या घरातनं असला कागद भाईर गेला? हमीद कंपोझिटरच्या घरातनं? अगं, हातातनं चूक हुतीया ती येगळी. डोळ्याला दिसून सोडली म्हंजे त्येला चूक न्हाय म्हनत, हरामखोरी म्हंत्यात त्येला!” मी रडायला लागले. तात्या ‘जाऊ द्या हो, पोर हाय’ म्हणत राहिले. अम्मीनं काय करावं? ती स्वयंपाकघरात गेली, आणि मी आत गेले तर ती पदरात तोंड खुपसून हसत होती. मला जवळ ओढून कानात म्हणाली, “रड हां, अजून रड. ओरडू दे त्यास्नी.”

संध्याकाळी ते स्वतः मशीनपुढं येऊन बसले. “दाव तुझं डबडं.” मी दाखवलं. त्यांनी दहा वेळा मला तो शब्द लिहायला लावला आणि दहा वेळा र डोक्यावर चढला. मग म्हणाले, “ज्यांनी केलंय त्यास्नी सांग की.” मला हसू आलं. जगभरची माणसं, त्यांना कोल्हापुरातली एक पोर काय सांगणार? पण सुजाता म्हणाली, “सांगता येतंय की रुके! तक्रार नोंदवायची जागा असती.” असती हे मला ठाऊक होतं, तिथं आपण लिहायचं असतं, हे ठाऊक नव्हतं. अब्बांनी त्या हँडबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला शाईनं दोन मोठे र्य काढले, एक टोपीवाला, एक मिशीवाला. खाली बाण, मापं, मिशीचं वळण कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते सगळं. सायबर कॅफेत जाऊन आम्ही तो कागद स्कॅन करून चढवला आणि मी माझ्या मोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. आठवड्यानं उत्तर आलं. कुणी एक माणूस, नाव नाही, टोपणनाव, तेही धड उच्चारता येऊ नये असं. त्यानं विचारलं होतं, हा फरक फक्त दिसण्याचा आहे का अर्थाचा? अर्थ बदलतो असे दोन शब्द देता का?

“पुरावा मागतोय व्हय?” अब्बा खवळले. मग शांत झाले आणि म्हणाले, “धाड ते हँडबिल.” पुढची बाजू. मी शास्त्रीबुवांसकट सगळी हकीकत इंग्रजीत लिहिली. आचार्य म्हणजे गुरू, आचारी म्हणजे स्वयंपाकी, आणि तुमच्या चुकीमुळं आमच्याकडं एका म्हाताऱ्या पंडितानं हाफ चड्डीतल्या स्वयंपाक्याचे पाय धरले. दुसऱ्याच दिवशी उत्तर. हसण्याच्या तीन खुणा, आणि खाली एक ओळ: पुढच्या आवृत्तीत येईल.

तिथून आमच्या घरात त्या माणसाला ‘पावणं’ हे नाव पडलं. “पावण्याचं काय पत्र?” अब्बा रोज विचारायचे. छापखान्यातला माणूस, त्यामुळं आवृत्ती निघते म्हणजे काय ते त्यांना मला समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच मला समजावलं, की आवृत्तीच्या आधी प्रूफ निघतं, ते मागव. त्यालाच लिनक्सवाल्यांत चाचणी आवृत्ती म्हणतात. पण नवी आवृत्ती आमच्या मशीनवर चालणार नव्हती. तिला दुप्पट मेमरी हवी होती, आणि आमची हार्ड डिस्क चालू केली की कुणीतरी आत दळण दळतंय असा आवाज यायचा. मग अब्बांनी याद्या सुरू केल्या. कोणत्या बँकेत जुनी मशीनं टाकणार आहेत, कुठल्या भंगारवाल्याकडं काय आलंय, कुठली मेमरी आमच्या मशीनला बसते. कॉटवरचा माणूस सकाळी टोपी घालून बाहेर पडायला लागला. भंगारवाल्याकडं जाऊन ते मेमरीची पट्टी डोळ्यांपुढं धरायचे, तिच्या तळाच्या सोनेरी दातांची खाच बघायचे आणि ‘ह्यो खिळा आपल्या केसातला न्हवं’ म्हणून परत द्यायचे. चार खेपांनंतर बरोबर पट्टी घेऊन आले. दुकानदाराला कॉम्प्युटरमधलं जितकं कळत नव्हतं तितकं त्यांना नुसतं बघून कळलं.

सीडी आली ती नेमकी चटणीच्या दिवसांत. उन्हाळ्यात आमच्याकडं वर्षाची चटणी होते. अम्मीनं ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची डंकावर कुटून आणली होती, कांदा-लसूण घालून ती गरम चटणी मधल्या खोलीत कागदावर पसरली होती. आणि मधल्या खोलीतच, कागदापासून दोन हातांवर, मशीन चालू. आत गार राहावं म्हणून त्याला पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून घेतो, हे अम्मीला कुणी सांगितलं नव्हतं आणि मला आठवलं नाही. दुपारभर त्यानं चटणी ओढली. मग मागच्या बाजूनं सोडली. आधी अम्मी शिंकली, मग मी, मग अब्बा, मग भिंतीपलीकडच्या काकू. सुजाता सीडी बघायला म्हणून हुपरीहून आली, दारात पाय ठेवला आणि शिंकत शिंकत परत रस्त्यावर गेली. अम्मी डोळे पुसत म्हणाली, “काय करालंय गं तुझं डबडं? माझी चटणी खाऊन मलाच ठसका लावालंय!” आणि मग एकदम मशीन बंद पडलं. बटण दाबलं तर काही नाही. दळण नाही, दिवा नाही.

मी तिथंच फरशीवर बसले. मला मशीनचं काही वाटलं नाही, खरं सांगते. मी अब्बांच्या तोंडाकडं बघत होते. सीडी त्यांच्या हातात होती, अजून पाकिटातनं काढलेलीसुद्धा नव्हती. ते आता काय करतील? ती पाकिटासकट उशाला ठेवतील, आडवे होतील आणि भिंतीकडं तोंड फिरवतील, हे चित्र मला इतकं स्पष्ट दिसत होतं, की मी देवाचं नाव घेतलं. जे मी परीक्षेलाही घेत नसे.

अब्बा सीडी माझ्याकडं देऊन आत गेले. आले ते त्यांची छापखान्यातली पत्र्याची पेटी घेऊन. तिच्यात खिळे साफ करायचा बारीक केसांचा ब्रश होता. “खोल त्येला,” म्हणाले. झाकण काढलं तर आत सगळं लाल. पंखा लाल, तारा लाल, मेमरीची पट्टी लाल, वर तेलाचा थर. सुजाता तोंडाला ओढणी बांधून आत आली आणि म्हणाली, “मेमरीचे दात खोडरबरानं घासायचे असतात, अब्बा.” अब्बांनी माझ्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं आणि एकेक दात घासला. ब्रशनं एकेक फट झाडली. मधूनमधून शिंकत होते, पण शिंकताना हात बाजूला घ्यायचे, पट्टीवर शिंकायचे नाहीत. ती बोटं मी किती महिन्यांनी चालताना बघत होते! जाड, नखांच्या कडा कायमच्या काळ्या, आणि तरी असली हलकी. दोन तास तो माणूस मांडी ठोकून बसला होता. अम्मीनं भाकरी आणि ठेचा आणून ठेवला तो तसाच राहिला. मग नवी मेमरी बोटानं दाबून बसवली, कट् असा आवाज आला, आणि अब्बा म्हणाले, “बसला.” बटण दाबलं. दळण सुरू झालं. सुजातानं रस्त्यावर ऐकू जाईल अशी शिट्टी घातली.

नवी आवृत्ती चढायला तासभर लागला. शेवटी मी तो शब्द लिहिला. आ, चा, मग मिशीच्या र चं नवं बटण, मग य. र उडाला नाही. य च्या आधी बारीक वळण घेऊन गप्प उभा राहिला. आचाऱ्यांचा. मी ओरडले, सुजाता नाचली. अब्बांनी प्रूफ बघायचं भिंग काढलं आणि पडद्याला लावलं. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता डोळे पुसतील, पोरीच्या डोक्यावर हात ठेवतील.

“मिशी बरी हाय,” ते म्हणाले. “पर ह्यो ल कुनाचा? ह्यो आपला न्हाय. हिंदीवाल्यांचा हाय, पोकळ पोटाचा. आन् श बगा, श बी त्येंचाच उचलून आनलाय. पुढची आवृत्ती कवा हाय?”

“सहा महिन्यांनी.”

“मग लिव. बसलीस काय? पावण्याला लिव.”

आत अम्मीच्या हातातनं काहीतरी पडलं. सहा महिने! वर्षाच्या आत जाणार म्हणून जिनं मनाची तयारी केली होती, तिचा नवरा पुढच्या सहा महिन्यांत काय काय करायचं ते सांगत होता. ती बाहेर आली, त्यांच्यापुढं ताट ठेवलं, आणि अब्बा पडद्यावरनं नजर न काढता म्हणाले, “चटणी वाड की जरा.” अम्मी वाढायला वाकली आणि रडायला लागली. आम्ही सगळेच रडत होतो, आणि ते चटणीमुळं म्हणायची सोय होती म्हणून बरं झालं.

अब्बांनी पुढं घरातच मजकूर करून द्यायला सुरुवात केली, त्या डबड्यावर, मिशीसकट. त्यांच्या तक्रारीही चालू राहिल्या. ल सुधारला, श सुधारला, एकदा अवग्रह, एकदा ळ चं पोट. काही आवृत्त्यांत येत गेल्या, काही पावण्यांनी प्रेमानं नाकारल्या. दर वेळी मशीनला काहीतरी नवं लागायचं आणि दर वेळी टोपी घालून भंगारवाल्याकडं फेरी. अशा चौदा आवृत्त्या त्यांनी बघितल्या. पंधरावीच्या वेळी दवाखान्यात होते आणि या वेळी खरोखरच काहीतरी झालं होतं. तिथं पडल्या पडल्या त्यांनी मला शेवटची तक्रार सांगितली, आणि ती मी जशीच्या तशी लिहून पाठवली: भाषा निवडायच्या यादीत मराठी आहे, त्याखाली कोल्हापुरी वेगळी द्यावी, कारण ‘होय’ लिहिलेलं बटण आमच्याकडं कुणी मनापासून दाबत नाही. मला वाटलं नाकारतील. नाकारली नाही, कुणी उचललीही नाही. तशीच पडून राहिली.

मी आज पुण्यात असते, पोटापाण्याला लिनक्सचंच काम करते, आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्या आवृत्तीसाठी लॅपटॉपची मेमरी वाढवायची का लॅपटॉपच बदलायचा, याची यादी टेबलावर पडली आहे. मागच्या आठवड्यात लिनक्सवाल्यांकडून अब्बांच्या त्या शेवटच्या तक्रारीबद्दल एक पत्र आलं. नवा पोरगा असणार, सभ्य, घाईतला. ही विनंती फार जुनी आहे, नोंदवणाऱ्याकडून बरीच वर्षं काही कळलेलं नाही, हे अजून हवं आहे का? उत्तर आलं नाही तर बंद करतो.

मी खालच्या चौकटीत लिहिलं, “व्हय.”